नव्या खोलीखालचे जुने चेंबर

प्रश्न : पुण्याच्या उपनगरात १९८८ साली बांधलेला आमचा बंगला आहे. सासूबाईंना आता जिना चढवत नाही, म्हणून गेल्या वर्षी मागच्या बाजूला त्यांच्यासाठी एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर-शौचालय बांधले. वास्तुविशारदांना बांधकाम खर्चाच्या सहा टक्के फी दिली. त्यांच्या नियुक्तिपत्रात ‘नकाशे, कामाचे तपशील व देखरेख’ असे शब्द आहेत. यंदा जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसातच नव्या न्हाणीघराच्या जाळीतून मैला मिसळलेले पाणी वर आले. आता पाऊस नसतानाही वास येतो आणि कमोडमधले पाणी हळूहळू उतरते. ड्रेनेजची नळी तपासण्या-साफ करण्यासाठी असलेले जुने एक चेंबर नव्या खोलीच्या फरशीखाली गेले आहे. त्याचे झाकण खोलीत दिसू नये, असे आम्हीच म्हणालो होतो. वास्तुविशारद म्हणतात, ड्रेनेज हे ठेकेदाराचे काम. ठेकेदार म्हणतो, मला ड्रेनेजचा नकाशाच मिळाला नाही. जबाबदारी नेमकी कोणाची, आणि आता करायचे काय? माझ्या बहिणीचे साताऱ्याजवळ घर आहे, तिथे सेप्टिक टँक आहे. तिचेही असेच वाढीव बांधकाम दिवाळीनंतर सुरू होणार आहे. तिने कोणती काळजी घ्यावी?

उत्तर :

स. न. वि. वि.

आपले पत्र, सोबतची छायाचित्रे आणि आपल्या मुलाने कागदावर काढून पाठवलेली मापे मी काळजीपूर्वक पाहिली. थेट उत्तर आधी देते. या चुकीची मुख्य जबाबदारी आपल्या वास्तुविशारदांवर येते. ठेकेदाराची जबाबदारी त्याहून कमी असली तरी ती त्याची स्वतःची आहे, आणि वास्तुविशारदांकडे बोट दाखवून त्याला ती झटकता येणार नाही. आपल्याकडे जो थोडा दोष येतो, तो आपण पत्रात स्वतःला लावून घेतला आहे त्याहून पुष्कळ कमी आहे. असे मी का म्हणते हे कळण्यासाठी त्या फरशीखाली काय घडले आहे ते आधी पाहावे लागेल, कारण असले वाद आवाज चढवून सुटत नाहीत, मापांनी सुटतात.

घरातले सांडपाणी केवळ ढाळावर वाहते. चार इंची नळीला दर चाळीस फुटांमागे एक फूट, म्हणजे दर दहा फुटांमागे तीन इंच उतार द्यावा, आणि सहा इंची नळीला दर साठ फुटांमागे एक फूट, हा आमच्या व्यवसायातला फार जुना आणि आजही खात्रीचा ठोकताळा आहे. आपल्या मुलाने दिलेल्या मापांनुसार नव्या न्हाणीघरालगतच्या पहिल्या चेंबरचा तळ खोलीच्या फरशीपासून २ फूट खाली आहे, फाटकाजवळच्या शेवटच्या चेंबरचा तळ त्याच फरशीपासून २ फूट ९ इंच खाली आहे, आणि घराला वळसा घालून गेलेल्या या नळीची लांबी ५४ फूट आहे. याचा अर्थ ५४ फुटांत सोळा इंचांचा उतार हवा होता, तिथे केवळ नऊ इंच मिळाला आहे. अशा नळीतून पाणी पुढे निघून जाते आणि मैला मागे राहतो. तो दिवसेंदिवस थराथराने साचत जातो आणि काही महिन्यांनी पाण्याचीही वाट अडवतो. आपल्याकडे वास आधी पावसात आणि मग कोरड्या दिवसांतही येऊ लागला, याचे कारण हेच आहे. ‘नळी मोठी टाकू, म्हणजे तुंबणार नाही’ असा सल्ला आपल्याला कोणी दिला असेल, तर तो कृपया मानू नये. तेवढेच पाणी मोठ्या नळीत आणखी उथळ वाहते आणि मैला उचलून नेण्याची त्याची ताकद कमी होते.

पावसात मैला मिसळलेले पाणी वर आले, त्याचे कारण वेगळे आहे आणि ते आपल्या तिसऱ्या छायाचित्रात स्पष्ट दिसते. नव्या गच्चीचा पन्हाळी पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला आहे. खोली आणि न्हाणीघर मिळून २४० चौरस फुटांच्या या गच्चीवर एक इंच पाऊस पडला, की सुमारे साडेपाचशे लिटर पाणी त्या आधीच अर्धवट भरलेल्या नळीत शिरते. त्यात आपल्या पत्रातला आणखी एक उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. समोरचा रस्ता दर काही वर्षांनी डांबरीकरणात वर आला असून घराचे जोते आता जमिनीपासून जेमतेम एक फूट उंच राहिले आहे. मोठ्या पावसात महापालिकेची मुख्य वाहिनी तुडुंब भरते, तेव्हा पाणी तिच्यातून मागे सरकते आणि घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असलेल्या प्रत्येक जाळीला हा धोका असतो. आपल्या घरातले सर्वांत खालचे तोंड म्हणजे सासूबाईंच्या न्हाणीघरातली जाळी. ज्यांना पाय घसरण्याची सर्वाधिक भीती, त्यांच्याच पायांखाली ते पाणी आले, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले.

आता जबाबदारीविषयी. वास्तुविशारद कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली स्थापन झालेल्या काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरने वास्तुविशारदाच्या सेवेच्या अटींचा आणि टप्प्यांचा नमुना आखून दिलेला आहे. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या प्रकरणाला लागू पडतात. पहिली अशी, की वास्तुविशारदाची देखरेख नियतकालिक असते. ते ठरावीक टप्प्यांवर येऊन काम पाहतात, दिवसभर कामावर उभे राहत नाहीत, आणि रोजच्या देखरेखीसाठी वेगळा माणूस लागतो. त्यामुळे प्रत्येक सांधा त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही, एवढ्यावरून त्यांना दोषी ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट त्यांच्या बाजूची आहे आणि ती मी आपल्यापासून लपवणार नाही. जागेवरच्या अस्तित्वातील वाहिन्यांची माहिती पुरवणे, आणि ती हाताशी नसेल तर स्वखर्चाने पाहणी करवून घेणे, हे त्या नमुन्यात मालकाचे काम मानले आहे. परंतु कोणती माहिती हवी आहे हे सामान्य घरमालकाला सुचत नाही. ती लेखी मागणे, आणि ती मिळेपर्यंत आराखडा पक्का न करणे, ही जाणकाराची जबाबदारी ठरते. आपल्या वास्तुविशारदांनी असे एकही पत्र किंवा निरोप पाठवला नसल्याचे आपण लिहिता. तिसरी गोष्ट सर्वांत वजनदार आहे. काम संपल्यावर प्रत्यक्ष जसे बांधले गेले तसे नकाशे, त्यातल्या पाणी-ड्रेनेजच्या वाहिन्यांसह, मालकाला देणे हे त्यांच्या पूर्ण सेवेचा भाग मानले गेले आहे. असा नकाशा आपल्याकडे नाही. तो काढायला ते जागेवर आले असते, तर चेंबर फरशीखाली गेल्याचे आणि पन्हाळी पाइप चुकीच्या ठिकाणी सोडल्याचे त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले असते.

आपल्याकडे बहुतेक लोक वास्तुविशारदांकडे ‘प्लॅन पास करून द्या’ एवढ्याच कामासाठी जातात, आणि तेवढ्याच कामाची फी देतात. तसे असते, तर माझे उत्तर वेगळे झाले असते. महापालिकेला सादर केलेल्या नकाशात ड्रेनेज म्हणून फाटकापर्यंत ओढलेली एक तुटक रेघ असते, आणि त्या रेघेवरून कोणीही नळी टाकू शकत नाही. कामाचा ड्रेनेज नकाशा म्हणजे प्रत्येक चेंबरला क्रमांक, त्याच्या झाकणाची पातळी, तळाची पातळी, दोन चेंबरमधले अंतर, नळीचा व्यास आणि उतार असलेला कागद. ‘कामाचे तपशील’ या शब्दांत तो येतो, आणि तो दिलाच गेला नाही, हे वास्तुविशारदांनी स्वतःच ‘ड्रेनेज ठेकेदाराचे काम’ असे म्हणून मान्य केले आहे. नळी टाकणे हे ठेकेदाराचे काम खरेच आहे. ती कोणत्या पातळीला टाकायची हे ठरवणे त्याचे काम नाही.

ठेकेदाराकडून मात्र तीन चुका झाल्या, आणि त्या नकाशा नसतानाही व्हायला नको होत्या. चालू चेंबरवर त्याने न विचारता फरशी बसवली, पावसाचे पाणी मैल्याच्या वाहिनीत सोडले, आणि नळी मातीखाली झाकण्यापूर्वी पाणी भरून तिची चाचणी घेतली नाही. नकाशा मिळाला नाही हे खरे असले, तरी नकाशाविना काम थांबवून तसे लेखी कळवण्याची मुभा त्याला होती.

झाकण खोलीत नको, असे आपण म्हणालात याची आपल्याला खंत वाटते. ती अनाठायी आहे. झोपायच्या खोलीत गटाराचे झाकण कोणालाच नको असते, आणि तशी इच्छा व्यक्त करणे म्हणजे तांत्रिक सूचना देणे नव्हे. त्यावर वास्तुविशारदांनी दोनच उत्तरे द्यायला हवी होती: वाहिनी बाहेरून वळवू, किंवा खोली दोन फूट सरकवू. आपली खरी चूक एकच दिसते. ड्रेनेजची चाचणी न पाहता आणि अंतिम नकाशा हाती न घेता आपण शेवटचे बिल चुकते केले.

आता दुरुस्तीकडे वळते. नव्या नळीला उतार कमी पडला, याचे मूळ कमोडच्या निवडीत आहे. आपल्याकडे एस ट्रॅपचा कमोड बसवला आहे, म्हणजे त्याची नळी फरशीतून सरळ खाली जाते. तिला प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या पातळीला भिंतींखाली असलेल्या काँक्रीटच्या तुळईच्या, खालून बाहेर काढावे लागले, आणि बाहेर येता येताच ती दोन फूट खोल गेली. त्याऐवजी पी ट्रॅपचा कमोड असता, तर त्याची नळी फरशीपासून साधारण सात इंच वर, मागच्या भिंतीतून आडवी बाहेर पडली असती, आणि पहिल्या चेंबरचा तळ हवा तेवढाच खोल ठेवता आला असता. कमोड बसवण्याआधी हा निर्णय कागदावर फुकट झाला असता.

तो आजही घेता येईल. पी ट्रॅपचा कमोड बसवून नळी घराला वळसा न घालता दुसऱ्या बाजूच्या सामासिक अंतरातून, म्हणजे घर आणि हद्द यांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेतून नेली, तर आपल्या मुलाच्या मापांनुसार लांबी ४२ फूट भरते आणि साडेबारा इंचांचा उतार पुरतो. तेव्हा पहिल्या चेंबरचा तळ फरशीपासून सुमारे वीस इंच खाली, म्हणजे जमिनीपासून आठ-साडेआठ इंच खाली येईल. एवढ्या उथळ नळीला वरून काँक्रीटचे आच्छादन लागेल, आणि तिच्यावरून वाहन जाता कामा नये. न्हाणीघराचे पाणी वेगळे काढून गली ट्रॅपमध्ये, म्हणजे आत पाणी धरून वास अडवणाऱ्या बाहेरच्या सापळ्यात सोडावे. ती नळी प्लिंथ बीमच्या आड येत असेल, तर बीमला छिद्र पाडण्यापूर्वी संरचना अभियंत्याला विचारणे अत्यावश्यक आहे. फरशीखालच्या चेंबरमधून जुन्या स्वयंपाकघराची आणि वरच्या मजल्याची लाइन अजून जात असेल, तर तीही याच वेळी बाहेरून वळवून ते चेंबर स्वच्छ करून भरून टाकावे. नुसते झाकण हवाबंद करून तेच चेंबर खोलीखाली चालू ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. गच्चीचा पाइप तर उद्याच चेंबरमधून काढून अंगणात किंवा पावसाळी गटारात सोडून द्यावा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. तो काढण्यापूर्वी त्याचे तारखेसह छायाचित्र मात्र घ्यावे. मुख्य वाहिनीतून मागे येणाऱ्या पाण्यासाठी फाटकाजवळच्या चेंबरच्या आधी पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसतो. तो वर्षातून एकदा, मे महिन्यात उघडून साफ करावा लागतो, नाहीतर तोच अडथळा बनतो.

आपल्या भागात काळी माती आहे, म्हणून एक धोका इथेच सांगून ठेवते. जुने घर पस्तीस-चाळीस वर्षांत बसून स्थिर झाले आहे. नवी खोली पहिली काही वर्षे पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीबरोबर थोडी हलणार आहे. दोघांच्या सांध्याखालून ताठ नळी गेली, तर ती नेमकी तिथेच तडकते. भिंतीखालून जाणारी नळी तिच्याहून मोठ्या नळीच्या बाहीतून, भोवती मोकळी जागा ठेवून न्यावी.

कायद्याच्या मार्गाकडे जाण्यापूर्वी वास्तुविशारद आणि ठेकेदार या दोघांनाही एकच पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. त्यात मापे आणि छायाचित्रे जोडून पंधरा दिवसांत संयुक्त पाहणीची मागणी करावी. पाहणीच्या आधी खोदकाम करून पुरावा मोडू नये. एखाद्या त्रयस्थ वास्तुविशारदाचा किंवा स्थापत्य अभियंत्याचा लेखी अहवाल घेऊन ठेवावा. माझा अनुभव असा आहे, की उतार किती हवा होता आणि किती मिळाला हे आकड्यांत मांडलेले पत्र हाती पडले, की बहुतेक वाद तिथेच दुरुस्तीच्या खर्चाच्या वाटणीवर येतात, आणि आपण तेच उद्दिष्ट ठेवावे असे मला वाटते. तसे झाले नाही, तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ सालीच म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ती आपण राहता त्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडेही व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते, पण तिथून नुकसानभरपाई मिळत नाही, हे ध्यानात घेऊनच तिकडे जावे. नियुक्तिपत्रावर वास्तुविशारदांचा नोंदणी क्रमांक आहे ना, हेही एकदा पाहावे. नोंदणीविना ‘आर्किटेक्ट’ हे पद लावण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे.

आपल्या बहिणीला माझे सांगणे असे, की खोलीचा नकाशा काढण्यापूर्वी एक सकाळ अंगणात घालवावी. माझ्या उमेदवारीच्या काळात एका वयस्क प्लंबर मिस्त्रींनी मला हे शिकवले, आणि त्यानंतर एकाही वाढीव बांधकामाचा कागद मी त्याशिवाय हाती घेतलेला नाही. पहारीने चेंबरची गंजलेली झाकणे एकेक करून उचलायची. पहिल्या क्षणी झुरळे सैरावैरा पळतात, त्यांना जाऊ द्यायचे. मग आत कोणाला तरी बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून एका न्हाणीघरात ओतायला सांगायचे आणि आपण चेंबरपाशी बसून राहायचे. लाइन निरोगी असेल, तर निळे पाणी लोटाने येते, चेंबरच्या तळातल्या पन्हळीतून पुढे निघून जाते आणि मागे सिमेंटचा रंग दिसतो. लाइन तुंबत असेल, तर निळाई काठाकाठाने वर चढते आणि तशीच थांबून राहते. प्रत्येक नळासाठी, प्रत्येक शौचालयासाठी हे वेगवेगळे केले, की कोणते पाणी कोठून कोठे जाते याचा नकाशा तासाभरात तयार होतो. नंतर पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल नळीने नियोजित फरशीपासून प्रत्येक तळाचे माप घ्यायचे. या कागदावर बहिणीने तारीख घालून सही करावी आणि वास्तुविशारदांचीही सही घ्यावी. नियुक्तिपत्रात ‘ड्रेनेजचा कामाचा नकाशा’ आणि ‘काम संपल्यावर प्रत्यक्ष वाहिन्यांचा नकाशा’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. नळी झाकण्यापूर्वी वास्तुविशारदांची एक भेट ठरवून घ्यावी, आणि ठेकेदाराच्या बिलाचा शेवटचा हप्ता एका पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घालावी.

तिच्या घरी सेप्टिक टँक आहे, म्हणून एका गोष्टीवर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. खोली टाकीवर बांधू नये, आणि टाकीचे झाकण खोलीत, ओट्याखाली किंवा पायऱ्यांखाली जाऊ देऊ नये. गाळ उपसायला टँकरची नळी टाकीपर्यंत पोहोचलीच पाहिजे. ती पोहोचली नाही, की कोणीतरी म्हणतो, ‘माणूस आत उतरवू.’ त्या टाकीत जीवघेणा वायू साचलेला असतो, आणि एकामागून एक माणसे तिच्यात मरण पावल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. सेप्टिक टँकच्या अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे हा हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जागा अगदीच अपुरी असेल, तर खोली लहान करावी किंवा टाकी नव्या जागी बांधावी.

सासूबाईंसाठी तोवर एवढे करावे: शक्य असेल तर पावसाळा संपेपर्यंत त्यांनी जुन्या बाजूच्या खालच्या शौचालयाचा वापर करावा, आणि नव्या न्हाणीघराच्या जाळीत रबरी बूच बसवून ठेवावे. पावसाने उघडीप दिली, की निळीची चाचणी आपल्याही घरी करावी. फरशीखालच्या चेंबरमधून जुनी लाइन अजून वाहते की नाही, हे मापांवरून मला सांगता येत नाही. ते तेवढे निळ्या पाण्यावरूनच कळेल. उत्तर मिळाले की कळवावे, म्हणजे जुनी लाइन कोणत्या बाजूने वळवायची ते मी आपल्या मुलाच्या कागदावर आखून पाठवीन.